माझा माग आणि बुढ्याचं इंजिन

आमच्या घरात इंजिनाला काही बोललेलं चालत नाही. मला बोललेलं चालतं.

इंजिन म्हणजे शेतात पाणी ओढायचं नव्हे आणि मोटरसायकलचंही नव्हे. मुठीत मावेल एवढंच. लाकडाच्या विमानाच्या नाकावर बसतं, पुढे पंखा लागतो, आणि गळ्यात अडकवलेल्या रिमोटच्या दांड्या हलवल्या की विमान वर जाऊन फिरतं. विमान आमच्या पोराचं. तो नागपूरला शिकत होता तेव्हा त्याने बनवलं. पुण्याला नोकरी लागली तेव्हा विमान, इंजिन, रिमोट आणि पेटीभर नट-बोल्ट असं सगळं त्याने आंधळगावला आणून टाकलं. "बाबा, फेकू नका," म्हणाला आणि गेला. फेकलं असतं तर मी सुखी असते.

माझा नवरा राइस मिलमध्ये फिटर होता. मी त्याला बुढा म्हणते, तो मला बुढी म्हणतो. दोघांपैकी कोणालाच त्याचं वाईट वाटत नाही. मिलमधून सुटल्यावर तो घरी बसला, म्हणजे माझ्या मागाजवळ स्टूल टाकून बसला. मी कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणते. लग्न होऊन आले तेव्हा सासूने मागावर बसवलं, तेव्हापासून विणते. आणि ज्या माणसाने जन्मात सुताची एक कांडी भरली नाही तो मला सांगायला लागला. धोटा हळू मार. फणी जोरात ओढ. तिकडून सूत ढिलं आहे. सासूचं मी ऐकून घेतलं, कारण तिला येत होतं. ह्याचं काय म्हणून ऐकू?

म्हणून त्याने विमानाची पेटी उघडली तेव्हा मला बरं वाटलं. जाईल बाहेर, मरेल उन्हात, घर मोकळं राहील.

तो बाहेर गेला नाही. आमची मागाची खोली लांबट आहे. खिडकीकडे माग, दाराकडे जागा रिकामी. त्या जागेत त्याने टेबल टाकलं. आता मी इकडे, तो तिकडे, आणि मधे एरंडीच्या तेलाचा वास. ह्या इंजिनाला पेट्रोल चालत नाही. नागपूरच्या दुकानातून डबा येतो, त्यात स्पिरिटसारखं काहीतरी आणि एरंडीचं तेल. बुढ्याचं म्हणणं, दुकानवाले तेल कमी घालतात आणि जुन्या इंजिनाला जास्त लागतं. मग घाणीवरून एरंडीचं तेल आणायचं, डब्यात मिसळायचं, गाळायचं, हलवायचं. माझ्या कोशाच्या कापडाला त्याचा वास लागला तर व्यापारी नाक मुरडायचा. बुढ्याला त्याचं काही नव्हतं.

त्या इंजिनाचं सगळं मला पाठ आहे, कारण बुढा काम करताना मोठ्याने बोलतो. डोक्यात एक प्लग असतो, त्यात केसासारखी तार. बॅटरी लावली की तार लाल होते, इंजिन सुरू झालं की बॅटरी काढायची. बाजूला एक सुई असते, स्क्रूसारखी फिरणारी. आवळली तर तेल कमी जातं, इंजिन चिरकतं आणि तापतं. सैल केली तर तेल जास्त जातं, धूर ओकतं, घरघर करतं. मधे कुठेतरी आवाज बरोबर लागतो. उडवून झालं की राहिलेलं तेल जाळून टाकायचं आणि आत थोडं मशीनचं तेल सोडून पंखा हाताने फिरवायचा. नाही केलं तर ते स्पिरिट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आतल्या बेअरिंगला गंज चढतो. हे सगळं तो असं सांगायचा, जसं काही मी परीक्षेला बसणार होते. मी चौथीनंतर कुठल्याच परीक्षेला बसले नाही.

इंजिन सुरू करताना विमानाची शेपटी धरायला माणूस लागतो. तो माणूस मी. आमच्या घराच्या मागे माझ्या देराची, म्हणजे बुढ्याच्या धाकट्या भावाची, बांधी आहे, धानाचं शेत. धान निघालं की ती जानेवारीपर्यंत कडक वाळते, ट्रॅक्टर जाऊन जाऊन मधे सपाट पट्टा झाला आहे. तिथे मी उकिडवी बसून शेपटी धरायची, लुगडं गुडघ्यात दाबायचं, आणि बुढा काठीने पंख्याला टोले द्यायचा. एकदा काठी सापडली नाही म्हणून बोटाने मारला. बोट चिरलं. दोष माझा.

"तू शेपटी हलवली."

"मी कायले हलवू? तुमची अक्कल हलली."

पहिलं वर्ष बरं गेलं. त्या हिवाळ्यात मला टायफॉइड झाला होता, माग बंदच होता. मी खाटेवर, तो बांधीत, शेपटी धरायला गल्लीतलं एखादं पोरगं. विमान उडत होतं. खाटेवरून मला त्याचा आवाज यायचा, एकसारखा, कापड फाडत गेल्यासारखा. ताप उतरला तरी आवाज उतरेना.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे काम भरपूर आलं. एक ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, उतरला की दुसरा चढवत होते. आणि त्याच वर्षी इंजिन हवेत बंद पडायला लागलं.

जमिनीवर नाही. जमिनीवर गुणी मुलासारखं चालायचं. वर गेलं, दोन-चार गिरक्या झाल्या, की आवाज अचानक चिरका व्हायचा आणि मग काहीच नाही. विमान मुकाट खाली यायचं. कधी बांधीत उतरायचं, कधी कडेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आदळायचं. एकदा चाक मोडलं, एकदा पंख. बुढा घरी आणून टेबलावर ठेवायचा आणि मेलेल्या जनावराकडे पाहतात तसा पाहत बसायचा.

पहिल्यांदा त्याने प्लग बदलला. मग टाकी काढली. टाकीत नळीच्या टोकाला पितळेचं वजन असतं, विमान उलटंपालटं झालं तरी ते तेलात बुडून राहतं. ते नीट होतं. मग नळ्या बादलीत बुडवून तोंडाने फुंकल्या, कुठे बुडबुडा येतो का पाहिलं. नाही आला. बादली माझी होती, पिण्याच्या पाण्याची. ती मी घासली, त्याने नाही. मग सुई पार काढून आत फुंक मारली, पुन्हा बसवली. दर वेळी इंजिन टेबलावर सुरू व्हायचं, छान चालायचं, आणि वर जाऊन मरायचं.

पोराचा फोन आला तेव्हा बुढ्याने त्यालाही विचारलं. फोन स्पीकरवर होता, मी कांड्या भरत होते.

"बाबा, फिल्टर लावला आहे ना?"

"हाव रे, गाळूनच टाकतो मी. मले शिकवतं काय?"

पोराने विषय सोडला. त्याला बापाशी भांडायला पुण्याहून वेळ नसतो. मला म्हणाला, "आई, बाबाला सांभाळून घे जरा." मी म्हटलं, "तू ये अन् सांभाळ."

मग बुढ्याने डोकं चालवलं. त्याने डोकं चालवलं की मला भीती वाटते.

एके दिवशी मी विणत होते. तो टेबलाजवळून उठला, मागाजवळ आला आणि फणीवर बोट फिरवून माझ्यापुढे धरलं. बोटावर कोशाची बारीक लव होती. मागावर ती असतेच. सूत घासलं की उडते.

"पाह्य," म्हणाला. "हे जाते माह्या इंजिनात."

"तुमच्या इंजिनात तुमचं नशीब जाते."

"मागच्या सालाले माग बंद होता, इंजिन चाललं का नाही? औंदा माग चालू आहे, इंजिन बंद पडते का नाही? मधात पोळ्याले तू लेकीकडे गेली, माग बंद होता. तवा पाऊस उघडला त्या दिवशी शाळेच्या पटांगणात उडवलं, शेपटी पोट्ट्यानं धरली. चाललं का नाही?"

मी धोटा थांबवला. कारण तो म्हणत होता ते खरं होतं. मी मनातल्या मनात मागे मागे गेले. माझा माग बंद, त्याचं इंजिन चालू. माझा माग चालू, त्याचं इंजिन बंद. एकदाही चुकलं नव्हतं.

"मंग टेबल बाहेर न्या," मी म्हटलं.

"बाहेर धूर, धूळ, कोंबड्या. नाही. माग हलव."

"कुठी हलवू? आभाळात? तिथी तुमचं विमान पडून राहते."

मागाची खोली म्हणजे नुसती खोली नाही. जमिनीत खड्डा आहे, त्यात पाय सोडून बसतात. खांब रोवलेले आहेत. माग हलवायचा म्हणजे उपटायचा. आणि एकदा उपटलेला माग पुन्हा उभा राहिलेला मी आमच्या आळीत पाहिला नाही. पाच घरांत उपटले. तिथे आता कुठे फ्रीज आहे, कुठे मोटरसायकल. मी उपटलेल्या मागाची बाई होणार नव्हते.

पण बुढ्याला जोडीदार मिळाला. माझा देर. भिंतीला भिंत लागून त्याचं घर. हिस्से झाले तेव्हा ही खोली आमच्याकडे आली, ते त्याच्या पोटात अजून दुखतं. त्याला विमानाचं काही घेणं नाही. बांधीत विमान पडलं की तोच सगळ्यात मोठ्याने हसायचा. पण माग निघाला तर खोली अर्धी रिकामी होईल आणि त्याची धानाची पोती तिथे बसतील, हे त्याने लगेच ओळखलं.

"वयनी, दादा बराबर बोलून राहिला," तो दारात उभा राहून म्हणाला. "आता तुमचं वय काय विणायचं आहे?"

"तुमचं वय काय दुसऱ्याच्या घरात पोती ठेवायचं आहे?"

"मी कायले ठेवू? जागा राहिली तं पाहू."

"जागा राहणार नाही, भाऊजी."

बुढा इंजिनाकडे पाहत होता. मग म्हणाला, "सोमवारी उपटू. सब्बल घेऊन ये."

मागावर ताणा चढलेला होता, हातभर कापड झालेलं. मी म्हटलं, "ताण्याले हात लावला तं हात तोडीन." दोघे हसले. मी हसले नाही.

सोमवारी सकाळी बुढा लवकरच देराकडे गेला. सब्बल म्हणजे पहार, दोर, काय काय गोळा करायला. देवपूजा राहिली. मिलमधून सुटल्यापासून पूजा त्याने घेतली होती. घरातलं तेवढंच एक काम मी सुखाने सोडलं होतं. त्या दिवशी मी म्हटलं, माग जाणारच असेल तर देवाला दिवा तरी लावावा आणि दोन शब्द सुनवावे.

आता आमच्या घराची एक रीत सांगते. सासूने घालून दिलेली, तिला तिच्या सासूने. नवा ताणा मागावर चढला की पहिलं वीतभर विणायचं आणि कापून काढायचं. तो तुकडा देवाचा. कापला की ताण्याच्या गाठी पुन्हा मारत बसावं लागतं, कंटाळवाणं काम आहे, पण करायचं. तुकडा कोरा ठेवायचा, त्याला पाणी दाखवायचं नाही. दिव्याचं तेल त्यातून गाळायचं. नवा तुकडा आला की जुना नदीत सोडायचा. कोसा सोवळा, त्याच्यासारखं शुद्ध काही नाही, असं सासू म्हणायची. मी तुकडा कापून बुढ्याच्या हातात द्यायची, पुढचं तो पाहायचा.

दिव्यात तेल घालायला मी खुंटीवरचा तुकडा काढला. हातात घेतला आणि थांबले.

आधी वास आला. एरंडीचा आणि स्पिरिटचा. दिव्याला आम्ही तिळाचं तेल घालतो. बुढा देवाच्या तुकड्यातून इंजिनाचं तेल गाळत होता. मी समजत होते, गाळायचं फडकं माझ्या चिंध्यांच्या बोचक्यातून घेतो. असा राग आला की तुकडा त्याच्या तोंडावर फेकायला दाराकडे निघाले.

मग बोटांना कळलं. तुकडा मऊ होता. लोळत होता.

हा तुकडा मी गेल्याच आठवड्यात कापला होता. मागावरून निघालेलं कोरं कापड कडक असतं. ताण्याच्या सुताला आम्ही तांदळाची खळ लावतो, भाताचं मांड आटवून. सूत तुटू नये म्हणून. खळ सुकली की कापड पापडासारखं उभं राहतं, पाण्यात धुतलं तरच मऊ पडतं. ह्या तुकड्याला पाणी लागलं नव्हतं. त्यावर नुसता तेलाचा डाग होता आणि पिळलेल्या घड्या. बुढा शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळतो, दात ओठ खाऊन पिळतो.

मग खळ कुठे गेली?

मी टेबलाजवळ गेले. गाळलेल्या तेलाचा डबा उचलून उजेडाकडे धरला. प्लास्टिकचा होता, आरपार दिसायचा. तळाशी पांढरी गादी बसली होती. पिठासारखी, बारीक. बुढा तिला घाणीच्या तेलाचा गाळ म्हणायचा. घाणीचा गाळ पिवळट काळा असतो, स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या बाईला हे कोणी सांगायला लागत नाही. आणि हा माणूस टाकी भरायच्या आधी डबा दर वेळी हलवायचा, तेल खाली बसू नये म्हणून. खाली बसलेलं सगळं वर यायचं आणि टाकीत जायचं.

मग मला फिल्टर आठवला. पोराने लावलेला पितळेचा छोटा फिल्टर नळीच्या मधे असायचा. मागच्या हिवाळ्याच्या शेवटी, मी पुन्हा मागावर बसले तेव्हा, तो सारखा तुंबायला लागला, म्हणून बुढ्याने "साला हाच अडवते" म्हणत काढला होता. "कोशातून गाळल्यावर ह्याची काय गरज?" असंही म्हणाला होता. आम्ही काही फेकत नाही. फिल्टर खिळ्यांच्या डब्यात होता. मी पक्कड घेऊन त्याचे दोन भाग वेगळे केले. आतल्या जाळीवर पांढरं, सुकलेलं, चुन्यासारखं चिकटलं होतं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि बोटाने चोळलं. चिकट झालं. माझी बोटं जन्मभर ह्याच चिकटात गेली.

म्हणजे माग चालू असला की नवा ताणा, नवा ताणा आला की देवाला नवा कोरा तुकडा, आणि त्या तुकड्यातली खळ पिळून पिळून इंजिनात. माग बंद असला की तोच जुना तुकडा, त्यातली खळ कधीच गळून गेलेली, इंजिन साफ. बुढा आपल्या हाताने इंजिनाला मांड पाजत होता आणि मागाला शिव्या देत होता.

तेवढ्यात दोघे आले. देराच्या खांद्यावर सब्बल, तोंडात तंबाखूचा खर्रा.

मी तुकडा बुढ्यासमोर धरला. "हे काय आहे?"

"देवाचा तुकडा."

"याच्यातून काय गाळता?"

तो चढ्या आवाजात म्हणाला, "कोशापेक्षा शुद्ध काय असते? माह्या मायपासून यातूनच गाळतो."

"तुमची माय देवाचं तेल गाळे. विमानाचं नाही. अन् ती पिळत नव्हती." मी फिल्टर टेबलावर ठेवला, डबा ठेवला. "खळ आहे ते. मांड. तुमच्या सुईत मांड जाते अन् तोंड बंद होते. खाली आणून सुई खोलता, फुंक मारता, निघून जाते. मंग तुमाले काही दिसत नाही."

बुढ्याने डबा उचलला, पाहिला, ठेवला. मान हलवली. "कोशाची लव आहे. मागाचीच."

देर म्हणाला, "वयनी, आता काहीही सांगान तुम्ही. सोमवार झाला."

"झाला ना? मंग अगोदर विमान उडवा," मी म्हटलं. "टाकी, नळ्या, सुई धुवा. दुकानाच्या डब्यातलं तेल घाला, न गाळता. घाणीचं तेल नाही, कोसा नाही. टाकी इथीच भरा, माह्या मागाच्या पुढे. मी माग चालवते. उडू द्या लव किती उडते तं. बंद पडलं, तं मी स्वतः ताणा कापते."

देराने खर्रा गालात सरकवला. "बोली झाली काय?"

"झाली."

बुढा माझ्याकडे पाहत राहिला. लग्नानंतर त्याने माझ्याकडे एवढा वेळ कधी पाहिलं असेल तर मला आठवत नाही. मग स्टूल ओढून बसला आणि टाकी खोलायला लागला.

मी दार-खिडकी लावून घेतली, खड्ड्यात पाय सोडले आणि माग चालवला. इतक्या जोरात मी तरणीपणीही चालवला नव्हता. सूत तुटलं तर जोडायची, पुन्हा मारायची. कवलांतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत लव तरंगत होती, बुढ्याच्या टेबलावर, विमानावर, टाकीवर बसत होती. बुढा खोकला. देर बाहेर पळाला. मी थांबले नाही. बुढ्याने टाकी भरली, झाकण लावलं, आणि मगच मी हात थांबवले.

बांधीत ऊन कडक होतं. मी शेपटी धरली. बुढ्याने प्लगला बॅटरी लावली, काठीचा टोला दिला. पहिल्याच टोल्याला इंजिन लागलं. त्याने सुई फिरवून आवाज जुळवला, माझ्याकडे न पाहता मान हलवली, मी शेपटी सोडली.

विमान वर गेलं. देर सब्बल जमिनीत रोवून त्यावर हनुवटी टेकून उभा. मी धुऱ्यावर बसले. पहिली गिरकी, दुसरी, तिसरी. आवाज कधी चिरकतो ते ऐकत होते. मागावर बसलं असताना सूत तुटायच्या आधी आवाज बदलतो, तसा कान लावून. आवाज बदलला नाही. गिरक्या होत राहिल्या. बुढ्याने विमान उलटं केलं, सरळ केलं, पार पलीकडच्या सिंदीच्या झाडापर्यंत नेऊन आणलं. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. महिनोनमहिने त्याला एवढा वेळ उडवायला मिळालं नव्हतं. तो उतरवायचंच विसरला.

आणि आवाज चिरकला. एकदम चढला, आणि थांबला.

देराने सब्बल उपटला. "मेलं! पाह्य दादा, मेलं!" तो नाचायचा तेवढा बाकी होता. "वयनी, चला, कैची काढा."

मी उठले नाही. विमान मुकाट खाली येत होतं. बुढा दांड्या हलवत त्याला पट्ट्याकडे आणत होता. टेकलं, घसरलं, थांबलं. बुढा चालत गेला. तो नेहमी धावतो. ह्या वेळी चालत गेला.

देर माझ्यापुढे आला. "बोली तं बोली, वयनी."

बुढ्याने विमान उचललं. टाकीची नळी काढली. विमान उलटं केलं, दुसऱ्या हाताचा तळवा नळीखाली धरला आणि हलवलं. पुन्हा हलवलं. आम्ही दोघे पाहत होतो. त्या वेळी तो काहीही म्हणू शकला असता. तळवा त्याचा, डोळे त्याचे, आम्हाला तिथून काही दिसत नव्हतं. नुसतं म्हणायचं होतं, तेल आहे, तरी बंद पडलं. माग गेला असता, खोली त्याची झाली असती.

त्याने तळवा आमच्याकडे केला. कोरडा होता.

"टाकी खाली झाली," म्हणाला. "तेल संपलं म्हणून बंद पडलं."

"मंग?" देर म्हणाला.

"मंग काय? सब्बल घरी ने."

देर पचकन थुंकला आणि गेला. जाताना म्हणाला, "नवराबायको एक झाले." ते खोटं होतं. एक वगैरे काही झालं नव्हतं. विमान त्याच्या हातात, शेपटी माझ्या हातात, असं आम्ही घरी आलो, आणि वाटेत तो मला म्हणाला, "तू मागच्या सालीच काहून नाही सांगितलं?"

मी शेपटी सोडून दिली.

त्यानंतर त्याने कधी म्हटलं नाही की माग खरा होता आणि तो चुकला. पोराला फोनवर सांगितलं, "घाणीच्या तेलात भेसळ आहे, मी बंद केलं." पोरगा म्हणाला, "बरं केलं बाबा." मी ऐकत होते. नवा फिल्टर नागपूरहून आला तो त्याने मला दाखवला नाही, पण दिसेल असा टेबलावर ठेवला. टेबल मात्र मी त्याच आठवड्यात ओसरीत काढलं. त्याने आरडाओरडा केला, धूळ, कोंबड्या, सगळं बोलला. मी कोंबड्या टेबलाखाली बांधल्या.

आता खोलीच्या दारातून मला तो दिसतो आणि त्याला मी. देवाचा तुकडा मी कापते, पण त्याच्या हातात देत नाही. स्वतः खुंटीला लावते आणि दिवा स्वतः लावते. पूजेतला तेवढा भाग परत माझ्याकडे आला.

ह्या पावसाळ्यात त्याने इंजिनाकडे पाहिलं नाही. गुडघे दुखतात म्हणून पडून होता. धान कापणी झाली, बांधी वाळली, तसं विमान काढलं. शेपटी धरायला मला बोलावलं नाही, ओसरीतच इंजिन पकडीत बांधून सुरू करायला लागला. पंखा अर्धा फिरला आणि अडकला. पुन्हा मारला, पुन्हा अडकला. आतून करकर आवाज. मी मागावर होते, नव्या ताण्याचं कापड दोन हात झालं होतं.

त्याने मान वर केली आणि थेट मागाकडे पाहिलं.

मी धोटा हातात धरून थांबले. मीही पाहत राहिले.

त्याने नजर परत इंजिनाकडे वळवली. पाना घेतला, पंखा काढला, मागचं झाकण खोललं आणि बेअरिंग बोटावर घेऊन उजेडात धरलं. लाल गंज. मागच्या उन्हाळ्यात शेवटचं उडवून त्याने आत तेल सोडलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी पुन्हा धोटा मारला.